२ जूनची प्रायमरी: नाव कुठल्याच पक्षात नाही, टाउनशिप मात्र एकाच पक्षाच्या हातात. मत कुठे द्यावं?

गवती_चहा (सेंट्रल जर्सी)

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या आणि बाकी स्टेटमधल्या जाणकारांनाही विचारतेय, कारण घरात आणि मैत्रिणींमधे यावर रोज वाद चाललेत आणि निष्पन्न काहीच होत नाहीये.

सिटिझन झाल्यापासून मतदार यादीत माझी नोंद ‘अनअफिलिएटेड’ अशी आहे, म्हणजे धड डेमोक्रॅट नाही धड रिपब्लिकन नाही. नोव्हेंबरला न चुकता मत देते. प्रेसिडेंट, गव्हर्नर, सिनेटर या वरच्या जागांना बहुतेक वेळा डेमोक्रॅटलाच दिलंय आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न गावातला आहे. आमच्या कौन्सिलवर सगळे डेमोक्रॅट, मेयर डेमोक्रॅट, काउंटी कमिशनर सगळे डेमोक्रॅट. नोव्हेंबरला समोर रिपब्लिकन असतो तो नावापुरता, कधी कधी तोही नसतो. म्हणजे जूनच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) जो तिकीट घेऊन गेला तो निवडून आलाच, आणि जूनमधे मी घरी बसलेली असते कारण ‘आपण कुठल्या पक्षाचे नाही ना, मग प्रायमरीशी आपला काय संबंध’ असंच आमच्याकडे सगळे म्हणतात.

यावेळी संताप झालाय तो पायलटवरून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डेव्हलपर नवीन बिल्डिंग बांधतो आणि टाउनशिप त्याला सूट देते की नेहमीचा प्रॉपर्टी टॅक्स भरू नकोस, त्याऐवजी ठरलेली रक्कम दे, आणि हा करार तीस तीस वर्षांचा असू शकतो. आपण जो टॅक्स भरतो त्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा शाळांचा असतो. पायलटच्या पैशातले ९५ टक्के टाउनशिपला जातात, ५ टक्के काउंटीला, आणि शाळांना काही देण्याचं कायद्याने बंधनच नाही. तिथे राहायला येणारी मुलं मात्र आपल्याच शाळेत येतात, आलीच पाहिजेत, त्यांचा काय दोष, पण शाळेचा खर्च मग उरलेल्या घरांनी उचलायचा. आधीच न्यू जर्सीत सरासरी बिल १०,००० डॉलरच्या घरात आहे, देशात सगळ्यात जास्त.

तर असाच एक मोठा करार कौन्सिलच्या मीटिंगला आला तेव्हा मी गेले होते. माइकवर प्रत्येकाला तीन मिनिटं. माझ्या आधी एक रिटायर्ड शिक्षिका बोलल्या, हातात कागद होता, त्यावर आकडे पेनाने लिहिलेले, त्यांनी एकच विचारलं की या बिल्डिंगमधून किती मुलं येतील याचा अंदाज कुणी काढलाय का. वरून उत्तर आलं की ‘थँक यू फॉर युअर कॉमेंट’. नंतर क्लार्कने नावं पुकारली, सगळ्यांनी एकापाठोपाठ ‘येस’ म्हटलं, ठराव पास. एकाही मेंबरने एक प्रश्न विचारला नाही. ते तोंडावर नाही म्हणाले असते तरी मला इतका राग आला नसता.

आता कौन्सिलच्या दोन जागा यावर्षी निवडणुकीला आहेत आणि पक्षातलेच दोघं जण पक्षाच्या पाठिंब्याशिवाय, बाहेरून उभे राहिलेत, पायलटच्या विरोधात. माझा नवरा म्हणतो रिपब्लिकन प्रायमरीत मत दे, एकदा यांना हलवायलाच पाहिजे. मैत्रीण म्हणते नाव कुठल्याच पक्षाला लावू नकोस, उद्या कुणी यादी काढून बघतं. तुम्ही काय केलं असतं? आणि आत्ता, इतक्या उशिरा, मला मत देता येईल तरी का?

—

देवराई (न्यू जर्सी)

ताई, आधी नियम सांगतो. तुम्ही अनअफिलिएटेड असाल तर २ जूनला सरळ बूथवर जायचं, तिथे पक्ष सांगायचा, त्या पक्षाचं बॅलट मिळतं आणि तुमची नोंद त्या पक्षात होते. एका पक्षातून दुसऱ्या पक्षात जायचं असेल तर ५५ दिवस आधी फॉर्म भरावा लागतो, तो नियम तुम्हाला लागू नाही. नंतर परत अनअफिलिएटेड व्हायचं असेल तर तोच फॉर्म भरून होता येतं. मत कुणाला दिलं हे कुणालाच कळत नाही, पण पक्षाची नोंद पब्लिक रेकॉर्ड असते, तेवढं मैत्रिणीचं खरं आहे. एक लक्षात ठेवा, पोस्टाने मत देत असाल तर अनअफिलिएटेड लोकांना प्रायमरीचं बॅलट आपोआप घरी येत नाही. त्यामुळे वाट बघत बसू नका.

आता माझं मत. मी डेमोक्रॅट आहे, पक्षाच्या काउंटी कमिटीवर आहे, आणि मी म्हणेन की डेमोक्रॅटिक प्रायमरीतच मत द्या आणि त्या दोन बाहेरच्यांना द्या. पक्ष सोडून पक्ष सुधारत नाही. आणि आत्ता सुधारायची जेवढी सोय आहे तेवढी आजवर कधीच नव्हती, ते का ते जरा सविस्तर लिहितो कारण आपल्यातल्या खूप लोकांना हे माहीतच नाही.

आपल्याकडे ‘काउंटी लाइन’ नावाचा प्रकार होता, २१ पैकी १९ काउंट्यांमधे. प्रायमरीच्या बॅलटवर काउंटीच्या पक्षाने पसंत केलेले सगळे उमेदवार एकाच रांगेत, वर प्रेसिडेंट किंवा सिनेटर, त्याच्याखाली काँग्रेस, त्याच्याखाली कमिशनर, तळाला आपला कौन्सिलवाला. पक्षाने पसंत न केलेला माणूस कुठे तर लांब सहाव्या-सातव्या कॉलममधे, मधे रिकामे चौकोन सोडून, त्याला बॅलट सायबेरियाच म्हणायचे. लोक वरचं ओळखीचं नाव बघायचे आणि सरळ खालपर्यंत रांग भरत जायचे. त्यामुळे खालच्या माणसाला मतदारांकडे जायची गरजच नव्हती, काउंटी चेअरमन खूश असला की झालं. तुमच्या मीटिंगमधे जे ‘थँक यू’ म्हणून मोकळे झाले ना ते या पद्धतीत वाढलेले लोक आहेत.

हे मोडलं ते २०२४ मधे. सप्टेंबर २०२३ मधे सिनेटर मेनेंडेझवर लाचखोरीचा गुन्हा दाखल झाला, दुसऱ्याच दिवशी काँग्रेसमन अँडी किम यांनी त्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. समोर कोण, तर खुद्द गव्हर्नरच्या पत्नी टॅमी मर्फी, आणि मोठ्या मोठ्या काउंट्यांच्या चेअरमननी त्यांना धडाधड पाठिंबा दिला. किम कोर्टात गेले. २४ मार्चला मर्फीबाईंनी माघार घेतली आणि २९ मार्चला फेडरल जज कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत ही लाइन वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मधे कायदाच बदलला, आता दोन्ही पक्षांच्या बॅलटवर एकेका पदाखाली सगळे उमेदवार एकत्र असतात. २०२५ ची प्रायमरी ही गव्हर्नरपदाची लाइनशिवायची पहिली, सहा उमेदवार, मिकी शेरिल सुमारे ३४ टक्क्यांवर जिंकल्या, आणि नोव्हेंबरला दणदणीत जिंकल्या.

हे सगळं रिपब्लिकननी केलेलं नाही. हे डेमोक्रॅटिक पक्षातल्या लोकांनी स्वतःच्या पक्षाच्या पुढाऱ्यांशी भांडून केलंय. म्हणून म्हणतो, आत या.

—

घाटमाथा (मॉनमथ काउंटी)

देवराई, माहिती चांगली दिलीत, पण निष्कर्ष मला अजिबात पटत नाही.

मी रिपब्लिकन आहे आणि इथे ते लिहायला मला संकोच नाही, जरी आपल्या लोकांमधे ते म्हटलं की चारचौघांत चेहरे बदलतात. स्टेटची असेंब्ली २००२ पासून आणि स्टेटचं सिनेट २००४ पासून सलग डेमोक्रॅट्सकडे आहे. बावीस-चोवीस वर्षं. टॅक्स आज कुठे पोचलाय ते गवती_चहा यांनीच लिहिलंय. मधे एकदाच लगाम लागला, २०१० मधे ख्रिस्टी गव्हर्नर असताना टॅक्सवाढीवर २ टक्क्यांची मर्यादा आली ती. विजेची बिलं घ्या, जून २०२५ ला एका फटक्यात १७ ते २० टक्के वाढली, शेरिलबाईंनी आणीबाणी जाहीर करून दर गोठवू म्हणून त्यावरच निवडणूक लढवली. दर वाढेपर्यंत ट्रेंटनमधे, म्हणजे स्टेटच्या राजधानीत, सत्तेत कोण होतं?

आणि पक्षातलेच दोघं बाहेरून उभे आहेत म्हणून खूश होऊ नका. आले निवडून तर पुढच्या वर्षी त्यांनाच कमिटीचा पाठिंबा लागणार आहे, कमिशनर व्हायचंय, असेंब्लीत जायचंय. समोर खरा विरोधक असल्याशिवाय कुठलंही कौन्सिल ताळ्यावर राहत नाही. पाच जणांत एक रिपब्लिकन बसला तरी तो प्रश्न विचारेल, आकडे मागेल, मीटिंगच्या इतिवृत्तात विरोधातलं एक मत नोंदलं जाईल. ताईंच्या मीटिंगमधे त्या शिक्षिकेचा प्रश्न कुणीतरी उचलून धरला असता.

तुमच्यासारख्या टाउनशिपमधे रिपब्लिकन उमेदवार नावापुरता का असतो? कारण प्रायमरीत माणसंच नाहीत. सह्या गोळा करायला माणूस नाही, दारोदार जायला नाही. २०२१ मधे एड डर नावाच्या ट्रक ड्रायव्हरने सिनेट प्रेसिडेंट स्वीनीला पाडलं, स्टेटमधला दोन नंबरचा ताकदवान माणूस, आणि प्रचाराला जवळजवळ पैसेच नव्हते. कुणीतरी उभं राहिलं म्हणून झालं ना ते? तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. रिपब्लिकन बॅलट मागा, चांगला माणूस नसेल तर पुढच्या वर्षी उभा करा.

—

देवराई (न्यू जर्सी)

२ टक्क्यांचं श्रेय एकट्या ख्रिस्टींना देऊ नका हो. ते बिल डेमोक्रॅटिक असेंब्लीने आणि डेमोक्रॅटिक सिनेटने पास केलं म्हणून गव्हर्नरच्या सहीला आलं, आणि तेव्हा सिनेट प्रेसिडेंट तेच स्वीनी होते. डर २०२३ ला हरले, हेही सांगा. विजेच्या दरवाढीमागे पीजेएम या वीज-ग्रिडच्या कपॅसिटी लिलावाचा (पुढच्या गरजेसाठी वीज राखून ठेवायच्या लिलावाचा) मोठा हात आहे, ती ग्रिड तेरा स्टेट आणि डीसीची आहे, त्यात पेनसिल्व्हेनिया आहे, ओहायो आहे, तिथेही बिलं वाढली.

आणि रिपब्लिकन पक्षाला गावात बळ द्यायचं म्हणता, पण गावातली कमिटी आणि वॉशिंग्टनमधली मंडळी हा एकच पक्ष आहे. जानेवारी २०२५ ला जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर ऑर्डर काढली ती कुणाच्या मुलांवर येणार होती? सप्टेंबरमधे नवीन एच-वन-बी वर एक लाख डॉलर फी लावली ती कुणासाठी? आपल्या घरात भाचे-पुतणे आहेत त्या व्हिसावर. मी तरी त्या चिन्हाखाली माझं नाव लावणार नाही, गावच्या गटाराच्या कामासाठीसुद्धा नाही.

—

घाटमाथा (मॉनमथ काउंटी)

फेडरलचा राग फेडरलच्या जागी काढा. एच-वन-बी च्या फीचं मलाही समर्थन करता येत नाही आणि मी ते आमच्या लोकांसमोर बोललोय. पण टाउनशिपच्या पायलटचा आणि त्याचा संबंध काय? हेच तर चाललंय इतकी वर्षं, वॉशिंग्टनचं नाव घेऊन घाबरवायचं आणि खाली तेच पाच जण पुन्हा बसवायचे.

—

कडुलिंब (डॅलसजवळ, टेक्सस)

मी लांबून लिहितेय पण हा प्रश्न आमच्याकडे उलटा आहे म्हणून राहवलं नाही.

टेक्ससमधे १९९४ नंतर राज्यपातळीवरच्या एकाही जागेवर डेमोक्रॅट निवडून आलेला नाही. म्हणजे इथे मार्चमधली रिपब्लिकन प्रायमरी हीच निवडणूक. इथे पक्षाची नोंद नसतेच, मार्चमधे जाऊन कुठलंही एक बॅलट मागायचं. फक्त एकदा मार्चमधे एका पक्षाचं बॅलट घेतलं की मे महिन्यातल्या रनऑफला दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही, आणि कुणालाच ५० टक्क्यांवर मतं मिळाली नाहीत की रनऑफ होतोच.

आता यातून काय होतं ते बघा. नोव्हेंबर २०२३ मधे टेक्सस हाउसमधे व्हाउचरचा विषय होता, म्हणजे सरकारी पैसा खाजगी शाळांच्या फीसाठी. २१ रिपब्लिकन आमदार स्वतःच्या गव्हर्नरच्या विरोधात गेले आणि ते कलम बिलातून काढून टाकलं. बरेचसे ग्रामीण भागातले होते, त्यांच्याकडे सरकारी शाळा हीच गावातली मोठी संस्था, तिथेच लोकांच्या नोकऱ्या. गव्हर्नर अॅबट यांनी काय केलं, तर २०२४ च्या प्रायमरीत या लोकांच्या विरोधात उमेदवारांना पाठिंबा दिला, पैसा ओतला, आणि त्यातले बरेच जण मार्च आणि मे मधे घरी गेले, काहींनी आधीच निवृत्ती घेतली होती. हाउसचे स्पीकर डेड फेलन यांच्यावरही वेगळ्या कारणांनी पक्षातलेच लोक चिडले होते, ते रनऑफमधे चारशेपेक्षा कमी मतांनी वाचले. मग ३ मे २०२५ ला गव्हर्नरनी व्हाउचरच्या कायद्यावर सही केली, सुरुवातीला एक अब्ज डॉलर. इतका मोठा बदल, सगळ्या स्टेटच्या मुलांवर परिणाम करणारा, आणि तो ठरला प्रायमरीत, जिथे आमच्या सबडिव्हिजनमधलं देसी माणूस औषधाला सापडत नाही. इथे लोक याच शाळांसाठी घरं घेतात हो. रेटिंग बघून, झोन बघून, लाखो डॉलरचं लोन काढून. आणि त्या शाळांचा निर्णय होत होता तेव्हा मतदान केंद्रावर रांगसुद्धा नव्हती.

मी मनाने डेमोक्रॅट आहे आणि रिपब्लिकन प्रायमरीत मत देते. माझ्या काही मैत्रिणींना हे विश्वासघातासारखं वाटतं. मला नाही वाटत. माझा आमदार जिथे ठरतो तिथे मी जाणार. आणि मी कुणाला पाडायला म्हणून वाईटात वाईट उमेदवाराला मत देत नाही, तसं करणारे लोक मला आवडत नाहीत, मी त्यातल्या त्यात शाळांच्या बाजूचा माणूस शोधते.

गवती_चहा, या हिशोबाने तुझी जागा डेमोक्रॅटिक प्रायमरीत आहे. घाटमाथा म्हणतात ते विरोधी पक्ष उभा करायचं काम पाच वर्षांचं आहे. पुढच्या पायलटवर मत देणारं कौन्सिल येत्या जानेवारीतच बसणार आहे.

—

पारावरचा (मिशिगन)

कडुलिंब यांच्याशी सहमत. आमच्याकडेही नोंद नाही, प्रायमरी ऑगस्टमधे, एकाच कागदावर दोन्ही पक्षांचे रकाने असतात आणि दोन्हीकडे खुणा केल्या तर पक्षाची सगळी मतं बाद. दरवेळी कुणीतरी हे करतंच.

मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, ती म्हणजे गर्दीची. प्रायमरीत उमेदवार जास्त झाले की थोड्या मतांत माणूस निवडून येतो. आपले श्री ठाणेदार बघा, बेळगावचे, आपल्या सगळ्यांना अभिमान. २०१८ ला गव्हर्नरच्या प्रायमरीत स्वतःचा पैसा ओतला, तिसरे आले. २०२२ ला डेट्रॉइटच्या १३ व्या काँग्रेस मतदारसंघात नऊ उमेदवारांत सुमारे २८ टक्के मतं घेऊन प्रायमरी जिंकले आणि नोव्हेंबर तर तिथे ठरलेलाच असतो. पण त्याची दुसरी बाजूही आपण ऐकली पाहिजे. जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा डेट्रॉइटला काँग्रेसमधे कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, आणि तिथल्या लोकांची भावना अशी की आमची मतं आठ जणांत फुटली म्हणून हे झालं. मी ठाणेदारांना मत देऊ शकत नाही कारण मी त्या भागात राहत नाही, पण राहत असतो तर मराठी आहेत म्हणून नक्कीच दिलं नसतं, आधी कामाचा हिशोब विचारला असता. इकडे मराठी मंडळी उलट करतात, आडनाव बघून चेक लिहितात.

तुमच्याकडे बाहेरून दोघंच उभे आहेत आणि जागाही दोनच, म्हणजे मतं फुटायचा धोका नाही. हे फार कमी वेळा जुळून येतं. तिसरा कुणी घुसला असता तर मी वेगळं लिहिलं असतं. न्यूयॉर्क शहरात यावर पसंतीक्रमाचा उपाय काढलाय, पाच नावांपर्यंत क्रम लावता येतो, म्हणून २०२५ ला मेयरच्या प्रायमरीत ममदानी आणि लँडर हे उमेदवार एकमेकांना दोन नंबर द्या म्हणून एकत्र प्रचार करू शकले. न्यू जर्सीच्या प्रायमरीत तशी सोय नाही.

—

गवती_चहा (सेंट्रल जर्सी)

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. देवराई, एक विचारायचं होतं. हे जे सध्याचे मेंबर आहेत त्यातला एक तर निवडून आलेलाच नाही सुरुवातीला, कुणीतरी मधेच राजीनामा दिला आणि हे एकदम कौन्सिलवर दिसायला लागले, आणि आता प्रचारात ‘अनुभवी’ म्हणून सांगतात. हे कसं होतं? आणि दुसरं, आमच्या मराठी मंडळात दोन्ही बाजूंना बोलवायचा विचार चाललाय तर काही जण म्हणतात मंडळाने राजकारणात पडलं तर टॅक्सची सवलत जाईल.

—

देवराई (न्यू जर्सी)

पहिल्याचं उत्तर. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या मेंबरची जागा मधेच रिकामी झाली तर ज्या पक्षाची जागा त्या पक्षाची गावातली कमिटी तीन नावं देते, आणि कौन्सिल त्यातलं एक निवडतं. म्हणजे मतदारांच्या आधी कमिटीने निवडलेला माणूस. पुढच्या निवडणुकीत तो ‘इनकम्बंट’ म्हणून उभा राहतो, पाटीवर ‘री-इलेक्ट’ नाही तरी ‘कीप’ असं लिहितो. आता ही तीन नावं देणारी कमिटी कोण निवडतं? आपणच, प्रायमरीत. प्रत्येक मतदान विभागातून कमिटीचे सदस्य निवडले जातात, बॅलटवर अगदी शेवटी त्यांची नावं असतात, बहुतेक लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. कितीतरी विभागांत त्या जागेसाठी एकच नाव असतं, काही ठिकाणी एकही नसतं आणि जागा रिकामी राहते. मी स्वतः असाच आलो, शेजारच्या चार घरांतून सह्या घेतल्या आणि उभा राहिलो, समोर कुणी नव्हतं.

म्हणून बॅलट शेवटपर्यंत वाचा. घाटमाथा यांनी रिपब्लिकन बाजूला हेच करावं असं मी मनापासून म्हणेन, त्यांच्याही कमिटीच्या जागा अशाच रिकाम्या असतात.

—

घाटमाथा (मॉनमथ काउंटी)

करतोय. या भागात मी चार जणांना उभं राहायला सांगितलं, दोन मराठी आहेत. चिन्हावर आपला वाद राहीलच.

गवती_चहा, तुम्ही डेमोक्रॅटिक बॅलट घ्यायचं ठरवत असाल तर घ्या, पण नोव्हेंबरला समोरचा रिपब्लिकन पायलटवर काय म्हणतो ते ऐकल्याशिवाय रांग भरू नका एवढीच विनंती. सवयीने मत द्यायचं थांबलं तरच दोन्ही पक्ष तुमच्या दारात येतील.

—

रातराणी (न्यू जर्सी)

मंडळाबद्दल मी सांगते, आमच्याकडे हा प्रश्न येऊन गेलाय. मंडळ ५०१-सी-३ (टॅक्सची सवलत असलेली सेवाभावी संस्था) असेल तर कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करता येत नाही, पैसे देता येत नाहीत, मंडळाच्या ईमेल यादीवरून ‘यांना मत द्या’ पाठवता येत नाही. पण सगळ्या उमेदवारांना सारखं आमंत्रण देऊन, सगळ्यांना सारखा वेळ देऊन, तेच तेच प्रश्न विचारणारी सभा घेता येते. मतदार नोंदणीचं टेबल लावता येतं, फक्त नोंदणी करताना एका पक्षाकडे ढकलायचं नाही. आमंत्रणं लेखी पाठवा आणि जपून ठेवा, कुणी आलं नाही तर ‘बोलावलं होतं’ हे दाखवता आलं पाहिजे.

अजून एक, कारण आपल्यात याबद्दल फार गोंधळ आहे. ग्रीन कार्डवाल्यांनी मत द्यायचं नाही, नोंदणीसुद्धा करायची नाही, चुकून फॉर्मवर टिक केलं तरी पुढे नागरिकत्वाला अडचण येते आणि प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. मात्र ग्रीन कार्डवाल्यांना उमेदवाराला देणगी देता येते. एच-वन वर असणाऱ्यांना देणगीही देता येत नाही. सभेला मात्र कुणीही यावं, प्रश्न विचारावा, कौन्सिलच्या माइकवर तीन मिनिटं बोलावं, त्याला कुणी अडवत नाही. त्यांचीही मुलं त्याच शाळेत जातात ना.

आणि सभेत प्रश्न विचारताना ‘तुम्ही शिक्षणाला महत्त्व देता का’ असले विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की पायलटमधला काही हिस्सा शाळांना द्यायचा करार तुम्ही कौन्सिलमधे मांडाल का, कारण तसं करायला कायदा आडवा येत नाही, टाउनशिपला हवं तर देता येतं. आणि मतदानाच्या आधी मुलांच्या संख्येचा अंदाज जाहीर कराल का. हो की नाही एवढंच मागा.

वेस्ट विंडसरला हेमंत मराठे २०१७ च्या निवडणुकीत मेयर म्हणून निवडून आले. ते आधी शाळा बोर्डावर होते, आणि तिथली टाउनशिपची निवडणूक पक्षाशिवाय होते, नोव्हेंबरला. म्हणजे गावागणिक पद्धत वेगळी आहे, त्यामुळे आपल्या गावात पक्षाची प्रायमरी आहे की नाही हे काउंटी क्लार्कच्या सॅम्पल बॅलटवर बघून घ्या. बरेच लोक दुसऱ्या गावातल्या मित्राचं ऐकून घरी बसतात.

—

कडुलिंब (डॅलसजवळ, टेक्सस)

रातराणी, तो हो-नाहीचा प्रश्न मी आमच्या सभेसाठी उचलतेय.

—

गवती_चहा (सेंट्रल जर्सी)

ठरलं माझं. डेमोक्रॅटिक बॅलट घेणार, त्या दोघांना मत देणार आणि कमिटीच्या नावापर्यंत शेवटपर्यंत वाचणार. नवऱ्याला घाटमाथांचं सगळं वाचून दाखवलं, तो त्यांच्याच बाजूने आहे अजून, तो रिपब्लिकन बॅलट घेणार म्हणतो, घेऊ दे. नाव यादीत दिसेल याची भीती होती ती आता वाटत नाही, दिसू दे.

मंडळाच्या सभेसाठी चौघांनाही आज ईमेल गेलंय, दोन सध्याचे आणि दोन बाहेरचे, आणि रिपब्लिकन उमेदवारालाही. रातराणींचे दोन्ही प्रश्न आधीच लिहून पाठवलेत. त्या रिटायर्ड शिक्षिकांना पहिला प्रश्न विचारायला बोलावलंय. आतापर्यंत बाहेरच्या एकाचं उत्तर आलंय, शाळांच्या हिश्शावर ‘हो’, मुलांच्या अंदाजावर ‘हो, लेखी’. बाकीच्यांची आली की इथेच टाकते.